परतीचे नऊ तास पस्तीस मिनिटं

५ मार्च

ही वही ती जाताना माझ्या उशीखाली ठेवून गेली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय, "बोलायला मी नसेन, तर यात बोला. भिंतीशी बोलू नका, शेजारी ऐकतात."

शेजाऱ्यांना तेवढा वेळ नाही. तरी लिहितो. हिने सांगितलं आणि मी केलं नाही, असं या घरात कधी झालेलं नाही.

काल रात्री साडेअकराला तिचं विमान सुटलं आणि आज दुपारी बारा चाळीसला लेकीच्या शहरात उतरलं. "म्हणजे तेरा तास दहा मिनिटं!" भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर गाड्या पुकारणारा माझा जुना दोस्त. माइक बंद पडला तरी त्याचं काम अडत नाही. त्याला समजावलं की तिकडचं घड्याळ आपल्या पाच तास पुढे असतं. खरं उड्डाण आठ तास दहा मिनिटांचं. अंतर सहा हजार आठशे सत्तर किलोमीटर.

परतीच्या तिकिटावर सुटायची वेळ दुपारी दोन वीस आणि इथे पोचायची संध्याकाळी सहा पंचावन्न आहे. कागदावर जेमतेम साडेचार तास. भोंगा खूश झाला. "बघ, यायला किती सोपं!" पण खरे लागतात नऊ तास पस्तीस मिनिटं. वरचा वारा जाताना पाठीशी असतो आणि येताना तोंडावर. अंतर तेच, पण येताना पंच्याऐंशी मिनिटं जास्त.

छत्तीस वर्षं मी शहर बससेवेची वेळापत्रकं बनवतोय. अशा गोष्टी मला लिहून ठेवाव्याच लागतात. २ जूनला परत. नव्वद दिवस.

८ मार्च

मुलीला आम्ही लहानपणापासून मुंगी म्हणतो, कारण एका जागी बसणं तिला माहीतच नाही. आता मुंगीलाच मुलगी झाली. जावयांची रात्रपाळी, मुंगी एकटी, म्हणून हिला जावं लागलं. हे सगळं मला मान्य आहे. पण चहाची गाळणी कुठे ठेवलीय ते सांगून जायला काय हरकत होती?

कामावरून आलो की सातला फोन करतो. तिकडे रात्रीचे बारा. दुसऱ्या रिंगला उचलते. आज आवाज जड वाटला म्हणून विचारलं, "झोपली होतीस का?"

"छे हो, तुमचाच फोन यायचा होता ना."

बरं आहे, जागीच असते.

१५ मार्च

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मोबाइलवर एक नकाशा टाकून दिला. त्यात विमानं माश्यांसारखी सरकताना दिसतात. लेकीच्या शहरातून रोज येणारं ते विमान आता मला ओळखता येतं. आज नऊ मिनिटं उशिरा उतरलं.

वहीच्या मागच्या बाजूला रकाने आखले. तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर. जूनपर्यंत सरासरी हातात आली की तिला घ्यायला नक्की किती वाजता निघायचं ते कळेल. एखाद्या मार्गावर नवी गाडी सुरू करायची तर आम्ही आधी असंच करतो.

१६ मार्च

चार मिनिटं.

१७ मार्च

तेवीस मिनिटं. समोरचा वारा.

२९ मार्च

थंडी वाजली म्हणून करडा स्वेटर काढला. त्याच्या कोपराला मोठं भोक पडलं होतं, ते मला पक्कं आठवतं, कारण ते बसच्या दाराच्या खिळ्याला अडकूनच पडलं होतं. आज बघतो तर भोक कुठल्या हाताला होतं तेच कळेना. दोन्ही बाह्या उजेडात धरल्या. शेवटी स्वेटर उलटा केला तेव्हा आतून बारीक गाठी लागल्या. डावा हात होता.

लग्नाआधी ही रफूच्या दुकानात होती. कोटाला सिगरेटने पडलेलं भोक ती असं बुजवायची की मालकालाच सापडायचं नाही. लग्नानंतर तिचं दहा ते सहा आणि माझी पहाटेची ड्युटी, काही जमेना. घरी कोणीतरी हवं म्हणून तिने सोडलं. म्हणजे मीच तसं सुचवलं होतं. ती काही बोलली नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

स्वेटर घालूनच झोपतोय. घरात तिच्या हातचं असं दुसरं काही चटकन सापडलं नाही. म्हणजे सगळंच तिच्या हातचं आहे, पण अंगावर घालण्यासारखं हेच.

११ एप्रिल

मुंगीच्या घराखाली कपडे धुऊन, इस्त्री करून देणारं दुकान आहे. मालकीण म्हातारी आहे आणि तिचा रफूवाला काम सोडून गेलाय. हिने नातीला फिरवता फिरवता कुणाचातरी कोट पाहिला, आणि बाईसाहेबांना राहवलं नाही. तीन दिवस लावून दुरुस्त केला. आज फोनवर बावीस मिनिटं त्या कोटावर बोलत होती. कापडाचा धागा आतल्या शिवणीतून कसा काढला, तो उभा होता की आडवा, मालकीणबाईंनी भिंग लावून कसं शोधलं.

मी मधेच विचारलं, "बरं, मोठी कात्री कुठे आहे?"

कोटाचं बोलणं तिथेच थांबलं. मग म्हणाली, "शिवणाच्या डब्यात. डबा कपाटावर."

सापडली.

२६ एप्रिल

सातला फोन केला. बारा वेळा वाजला, पण तिने उचलला नाही. तोंडचं पाणी पळालं. मुंगीला लावला. तीही उचलेना. साडेसातला मुंगीचा निरोप आला, "बाबा, आई झोपलीय. रात्रीचे साडेबारा वाजलेत. सगळं ठीक आहे."

झोपली! तेहेतीस वर्षांत माझ्याशी बोलल्याशिवाय ही कधी झोपलेली नाही.

नात फार दमवत असणार तिला. मुंगीला जरा बोललं पाहिजे, आईला कामवाली करून ठेवलीय म्हणून.

३ मे

मुंगीला बोललो. ती हसली. म्हणाली, "बाबा, आई दुपारी घरीच नसते. ती दुकानात जाते. मीच तिचा डबा भरते."

डबा!

१९ मे

हिने स्वतःहून फोन केला, तोही भलत्या वेळी, भर दुपारी. मी ऑफिसात होतो आणि समोर पावसाळी वेळापत्रकाचा ढीग पडला होता. म्हणाली, "अहो, मी जुलैपर्यंत राहू का? तिकीट पुढे ढकलता येतं. वीस जुलैचं मिळतंय."

"मुंगीला गरज आहे का?"

"मुंगीला आहे." जरा थांबली. "आणि मलाही राहावंसं वाटतंय."

"तू ठरव," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर ढिगातलं पहिलं पान तीनदा वाचलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. तीनशे चार नंबरच्या गाडीला परतीची फेरी द्यायलाच विसरलो. गाडी शेवटच्या थांब्यावर गेली आणि तिथेच राहिली, असं वेळापत्रक माझ्या हातून पहिल्यांदाच झालं. भोंग्याने ते पकडलं आणि अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असा हसला.

२ जून

आज ती यायची होती. आली नाही, येणार नव्हतीच. पण आजचा दिवस मी सुट्टी टाकून मोकळा ठेवला होता, तो फुकट का घालवायचा? विमानतळावर गेलो. वीस जुलैची रंगीत तालीम.

विमान सात वाजून दोन मिनिटांनी उतरलं. उशीर सात मिनिटं, आणि माझी आजवरची सरासरी अकरा. पहिला माणूस दारातून बाहेर यायला एकतीस मिनिटं लागली, शेवटचा यायला एक तास चार. हिला सामानाची घाई नसते, सगळ्यांना पुढे जाऊ देते. म्हणजे एक तास धरायला हरकत नाही.

माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते. त्यांची बायको आली, तिने हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली आणि म्हणाली, "किती बारीक झालात." बस, एवढंच. मला एकदम भडभडून आलं. वहीत काहीतरी लिहायचं नाटक केलं. शेवटचा माणूस गेला, सफाईवाल्याने दोनदा पायाजवळून झाडू फिरवला, तरी मी तिथेच. तिची आठवण येते. नुसती येत नाही, सकाळपासून ठाण मांडून बसलेली असते.

९ जून

दिवसात तिसऱ्यांदा चहा. साखर संपली. कुठल्या दुकानातून आणायची ते माहीत होतं, हा मोठा विजय.

२८ जून

आज माझ्या हातून वाईट झालं.

३१ जुलैला माझी निवृत्ती. छत्तीस वर्षांनी निरोप समारंभ आहे, आणि पहिल्या रांगेत हिची खुर्ची. वीस तारखेला ती येतेच आहे, असं मी धरूनच चाललो होतो. फोनवर ती म्हणाली, "अहो, मालकीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे वीस जुलैच्या सुमाराला. दुकान मी सांभाळीन असं म्हटलंय. माझं जरा पुढे गेलं तर..."

"आणि समारंभ?"

"समारंभ तासाभराचा असतो हो."

माझा पारा चढला. "परक्या बाईचा गुडघा महत्त्वाचा, नवऱ्याची छत्तीस वर्षं नाहीत! मग तिकडेच राहा. येऊच नकोस."

तिने "बरं" म्हटलं. ओरडली नाही, रडली नाही. फक्त "बरं".

३० जून

फोन केला नाही. तिनेही केला नाही. विमान चौदा मिनिटं उशिरा.

४ जुलै

नाही.

७ जुलै

आज विमान वेळेवर उतरलं, सहा पंचावन्न, एक मिनिट इकडे तिकडे नाही. पावणेचार महिन्यांत पहिल्यांदाच. आणि ते कुणासाठी?

८ जुलै

भोंग्याला सगळं सांगितलं. स्थानकाच्या मागच्या टपरीवर बसलो होतो. वहीचे रकाने दाखवले. त्याने पानं उलटली.

"लेका," तो म्हणाला, "शंभराच्या वर नोंदी आहेत रे. विमानाला किती उशीर झाला त्याच्या. तिला यायचंय का, हे कुठल्या रकान्यात आहे?"

"येणारच ना. घर इथे आहे."

"तू तिला गाडी समजतोस. सकाळी आगारातून सुटली, फेरी मारली, की परत आगारात. गाडीला कोणी विचारतं का, बाई, तुला यायचंय का म्हणून?"

मी म्हटलं, वेळापत्रक असंच बनतं.

"सगळं नाही बनत," तो म्हणाला. "मुक्कामाच्या गाड्या? त्यांचं कसं करतोस?"

शहराबाहेरच्या शेवटच्या गावांत रात्री थांबणाऱ्या सात गाड्या आहेत आमच्या. त्यांचा दिवस आगारातून सुरू होत नाही. गाडी जिथे रात्री थांबली, तिथूनच पहिली ओळ लिहायची. हा माझाच नियम आहे, मीच बसवलेला. नवीन लोक नेहमी तिथे चुकतात. सगळं आगारापासून मोजतात, आणि मग गाडी कागदावर एका जागी असते आणि खरी दुसऱ्याच जागी. मी त्यांना ओरडतो, "आधी गाडी कुठे आहे ते बघ!"

घरी चालत आलो. सबंध वाट तेच वाक्य डोक्यात वाजत होतं.

९ जुलै

रकान्यांच्या पुढच्या कोऱ्या पानावर नवं वेळापत्रक मांडलं. पहिली ओळ तिच्या घरापासून. वेळा मुंगीला विचारून घेतल्या.

सकाळी सात, ती उठते. नऊ, नातीला आंघोळ. दहा, दुकान. पाच, दुकान सुटतं. साडेनऊ, झोप.

त्याच्याशेजारी माझी वेळ लिहिली. मी रोज फोन करतो तो रकाना तिच्याकडे मध्यरात्रीचा. पाच तासांचा फरक मी भोंग्याला पहिल्याच दिवशी शिकवला होता. आणि स्वतः जवळजवळ चार महिने, माझी जेवायची सोय म्हणून, तिला रोज बारापर्यंत जागं ठेवलं. ती दुसऱ्या रिंगला उचलायची, कारण फोन हातात घेऊनच बसलेली असायची.

आणखी एक आठवलं. मी घरी सातला येतो म्हणायचो आणि नऊला यायचो. किती वर्षं? गाडीला चार मिनिटं उशीर झाला तर आमच्याकडे त्याची नोंद होते. माझ्या दोन तासांची नोंद कुठेच नाही. तिच्याकडे असेल.

१० जुलै

दुपारी बाराला फोन केला. तिकडचे पाच. दुकान सुटायची वेळ. बाराव्या दिवशी तिचा आवाज ऐकला.

"अहो? या वेळी? बरे आहात ना?"

"बरा आहे. तुझं काम झालं का?"

"आत्ताच. शटर ओढतेय." तिला दम लागला होता. दम लागून हसते तशी हसली. "काय झालं?"

मी पाठ करून ठेवलं होतं, तरी जीभ अडखळली. "मी विचारलंच नाही कधी. तुला परत यायचंय का?"

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता, कुठली तरी बस थांबून पुढे गेली. त्या बसचं दार बंद व्हायला नऊ सेकंद लागले. आमची सहा घेते.

"मला माहीत नाही हो," ती म्हणाली. "इथे सकाळी कोणीतरी माझी वाट बघत असतं, कापड घेऊन. हे परत मिळेल असं वाटलं नव्हतं. ते सोडून यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. आणि तुम्ही तिकडे एकटे, चहा उतू घालवत असाल, हे आठवलं की दुसरा गोळा येतो. दोन गोळे घेऊन झोपते मी."

"मग?"

"मग काय? तुम्ही म्हणालात, तिकडेच राहा. मी म्हटलं, बरं."

"ते रागात बोललो."

"ठाऊक आहे. पण मला तुम्ही हवे आहात. कुठे, ते नंतर बघू."

तेहेतीस वर्षांत हिने मला असं सरळ कधी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. मग मीही सांगितलं. ऑफिसातले दोघेजण वळून बघायला लागले. बघू देत.

२० जुलै

तिच्या तिकिटाची मुदत आज संपली. संध्याकाळी विमान उतरलं असेल. नकाशा उघडला नाही.

३१ जुलै

समारंभ झाला. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी ठेवायला सांगितलं होतं. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, आमची ही कामावर आहे. भोंग्याने माइकशिवाय भाषण केलं.

वेळापत्रक विभागाच्या किल्ल्या दिल्या. तीनशे चारची परतीची फेरी तपासून दिली.

६ ऑगस्ट

उद्या रात्री साडेअकराचं माझं विमान. सामान एकच बॅग, आणि त्यात तिने मागवलेला शिवणाचा डबा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं?" म्हटलं, काढलेलं नाही, आधी तिकडे जाऊन बघतो. माझ्या तोंडून हे बाहेर पडलं यावर माझाच विश्वास बसला नाही.

करडा स्वेटर घालूनच जाणार. विमानात गार असतं म्हणे.

८ ऑगस्ट

वारा पाठीशी होता, तरी आठ तास दहा मिनिटं फार मोठी असतात. मला वाटलं होतं चटकन जातील. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" त्यांना काय सांगणार? पाच महिने मी ह्या अंतराचे आकडे लिहीत होतो, आणि ते केवढं आहे ते मला आज कळलं.

मुंगी विमानतळावर आली होती, नातीला कडेवर घेऊन. नात माझ्याकडे बघून भोकाड पसरून रडली. मुंगी मला घरी नेत होती. मी म्हटलं, आधी दुकान दाखव.

दुकान लहान आहे. पुढे काच, काचेमागे टांगलेले कोट, आणि खिडकीपाशी एक खुर्ची. खुर्चीत ही. मान खाली, नाकावर चष्मा, गुडघ्यावर कुणाचीतरी काळी बाही. मी काचेसमोर उभा राहिलो. तिने वर पाहिलं. सुई तशीच हातात. किती वेळ नुसती बघत राहिली. मग चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मला हाताची पाच बोटं दाखवली. पाचला सुटते. आत गिऱ्हाईक उभं होतं.

मुंगी म्हणाली, "बाबा, मी बोलावते ना तिला."

"नको," मी म्हटलं. "तिचं काम चाललंय. तू जा, बाळाला झोप आलीय."

समोर बाकडं आहे. त्यावर बसून हे लिहितोय. माझ्या घड्याळात साडेदहा वाजले होते. ते पाच तास पुढे केलं. साडेतीन.

मधूनमधून ती मान वर करून बघते, मी आहे ना. मी आहे.

चार वाजले. साडेचार. एक बाई आत गेल्या, कोट अंगावर घालून बाहेर आल्या, आणि बाही उजेडात धरून काहीतरी शोधत गेल्या. त्यांना सापडणार नाही.

पाच वाजून गेलेत. तिला उशीर होतोय. किती, ते मी बघत नाही.

दिवा मालवला. शटरचा आवाज आला. वही मिटतो. बोलायला आली ती.